जुना ट्रेलर हुक निघत नसेल, तर आधी आतला नट पाहा

स्टेशन वॅगनच्या मागचा जुना हुक त्रास द्यायला लागला, की तक्रार सहसा हुकच्या नावानं येत नाही. ती अशी येते:

– डिक्कीची काच, दरवाजा सगळं घट्ट बंद, तरी स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी.
– एका बाजूचा इंडिकेटर नेहमीपेक्षा दुप्पट वेगानं फटफटतो.
– ब्रेक दाबला की पार्किंगचा दिवा मिणमिणतो.
– पावसात टेललाइटचा फ्यूज उडतो, ऊन पडलं की सगळं ठीक.
– गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरलेली.
– स्पीड ब्रेकरवरून उतरताना मागून ठण् असा आवाज.
– बंपरच्या खालच्या कडेला जंगाचे तांबूस ओघळ.

आणि घरीच पाना लावून पाहिलेला असेल तर आणखी एक: "भाऊ, बोल्ट फिरून राहिला, पण निघून नाही राहिला." हे वाक्य ऐकलं की मी पुढचं काही विचारायच्या आधी म्हणतो, तो पाना खाली ठेवा.

इंडिगो मरिना, बलेनो अल्टुरा, ऑक्टाव्हिया कॉम्बी, क्वचित एखादी जुनी टाटा इस्टेट. या गाड्यांना नागपुरात हुक लागले ते वेगवेगळ्या कारणांनी. मंडप-डेकोरेशनवाल्यांनी जनरेटरची ट्रॉली ओढली, काटोल-नरखेडकडच्या संत्रावाल्यांनी क्रेटची ट्रॉली ओढली, आणि बऱ्याच जणांनी तर मागून कोणी ठोकलं तर बंपर वाचेल एवढ्यासाठीच लावून घेतला. ओढायचं काम कधीच संपलं, हुक तसाच राहिला. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. एमएच ३१ असो की एमएच ४९, तपासणीची तारीख जवळ आली की मालक गाडीखाली वाकून बघतो आणि मग हुक आठवतो.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, बाकीचं सगळं तिच्यातूनच निघतं. बोल्ट किरकोळ पैशाची वस्तू आहे; इतवारीत लोहा ओळीत हवा तो मिळेल. पण तो बोल्ट ज्या नटात बसलाय तो नट गाडीच्या चेसीच्या पोटात आहे. बोल्ट मेला तर मरू द्या. नट वाचला पाहिजे. खालची प्रत्येक पायरी त्या नटासाठी आहे.

आधी धुवा, मग बघा

सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे वॉशिंग सेंटरवर गाडी रॅम्पवर चढवून मागचा भाग खालून धुऊन घेणं. हे नुसतं स्वच्छतेसाठी नाही. हुकची आडवी पट्टी बहुतेक वेळा पोकळ चौकोनी पाइपची असते आणि आपली काळी माती तिच्यात जाऊन बसते. वरून ती सुकल्यासारखी दिसते, आत मात्र पावसाळा संपून दोन महिने झाले तरी ओल धरून असते. गाडी वर्षभर उन्हात उभी, तरी हुक सडलेला, याचं कारण हेच. वॉशिंगवाल्याला सांगा, पाइपच्या दोन्ही टोकांतून पाणी मारायचं, आतून काळं पाणी यायचं थांबेपर्यंत.

धुतल्यावर टॉर्च घेऊन पाहायच्या गोष्टी दोनच. हुक बोल्टनं बसवलाय की वेल्डिंग मारलंय? आणि बोल्ट किती, कुठून घुसलेत? साधारण प्रत्येक बाजूला दोन किंवा तीन असतात. एखादा बंपरच्या आड लपलेला असतो आणि लोक बाकीचे काढून हुकला लटकतात. कुठेही वेल्डिंगची धार चेसीच्या पत्र्यावर दिसली तर तुमचं काम इथंच संपलं. खालचा "इथं थांबा आणि माणूस बोलवा" हा भाग वाचा.

ठण् आवाज हे एकच लक्षण असेल तर याच वेळी हुकचा गोळा हातानं धरून हलवा. पुष्कळदा गोळ्याखालचा मोठा नट सैल असतो, किंवा गोळ्याच्या मागची साखळीची कडी पाइपवर आपटत असते. कडी काढली, आवाज गेला. अशा वेळी हुक काढायची घाई नसेल तर राहू द्या.

वायरिंग: पाना लावायच्या आधी

लाइटच्या तक्रारींत हुकचं लोखंड निर्दोष असतं, गुन्हेगार त्याच्या शेजारचं, ट्रेलरच्या दिव्यांची वायर जोडायचं सात पिनांचं सॉकेट. झाकणाची स्प्रिंग तुटलेली, आत हिरवा थर. पावसाचं पाणी पिनापिनांत पूल बांधतं आणि फ्यूज जातो. एखाद्या पिनेला कायम करंट असेल तर रात्रभर थेंबथेंब बॅटरी उतरते.

बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा. मग डिक्कीच्या डाव्या-उजव्या कडेची गादी उचलून वायर कुठून घेतल्या ते शोधा. प्रमाण पद्धतीत पिवळी डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची, पांढरी अर्थची (करंट परत जायची वाट), लाल ब्रेकची, तपकिरी उजव्या पार्किंगची, काळी डाव्याची आणि निळी मागच्या फॉगची. पण हे झालं कागदावरचं. आपल्याकडे फिटरच्या हाताला जी रीळ लागली तिचा रंग, त्यामुळे रंगावर विश्वास ठेवू नका, टेस्ट लॅम्पवर ठेवा. लॅम्पनं तपासायच्या वेळेपुरती बॅटरी जोडायची, कापाकापीच्या वेळी पुन्हा सोडायची.

जोड बहुतेक वेळा त्या टोचणाऱ्या क्लिपनं केलेला सापडेल. क्लिप गाडीच्या मूळ वायरीला दातानं चावते. वर्षं गेली की त्या चाव्याच्या जागी तांब्याच्या तारा हिरव्या पडून एकेक तुटतात, शेवटी दिव्याला करंट पोचत नाही, आणि फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर फटफटवणाऱ्या रिलेला, वाटतं बल्ब गेला. दुप्पट वेगानं फटफटण्याचं कारण हे. लोक बल्ब बदलत बसतात.

कापायची ती ट्रेलरकडे जाणारी वायर. गाडीची मूळ वायर कापायची नाही. क्लिप उघडून खालची जागा बघा. तांबं लालसर चकचकीत असेल तर स्लीव्ह घालून मोकळे व्हा. हिरवं-काळं असेल तर तेवढा तुकडा काढून नवा जोड झाळा आणि त्यावर गरम करून आवळणारी स्लीव्ह चढवा. काळी टेप गुंडाळू नका. नागपूरच्या मे महिन्यात बंद डिक्कीत टेपचा गोंद पाघळतो आणि दिवाळीपर्यंत जोड उघडा पडतो.

ब्रेक दाबला की पार्किंग मिणमिणतं, त्याचं मूळ पांढऱ्या वायरीत. हुकवाल्यानं अर्थ जिथं स्क्रूनं पत्र्याला ठोकला तिथं जंग असतो, करंटला घरी जायला वाट मिळत नाही म्हणून तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. गाडीचा स्वतःचा अर्थही त्याच स्क्रूखाली घेतला असेल तर हुकची वायर काढून तो पॉइंट घासून पुन्हा कसा.

ऑक्टाव्हियासारख्या गाडीत ट्रेलरसाठी वेगळं कंट्रोल मॉड्यूल असू शकतं. तिथं काहीही कापायचं नाही. प्लग सापडला तर काढा, नाहीतर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे.

डिक्कीच्या आत नट कसला आहे ते बघा

हीच पायरी सगळे वगळतात. स्टेपनी बाहेर, गादी बाहेर, आणि टॉर्च.

तीन प्रकार सापडतात. पहिला, बोल्ट डिक्कीच्या फरशीतून आरपार आलेला आणि वर पट्टी, वायसर, नट उघड्यावर. हा सोपा: वर एक पाना धरायचा, खालून दुसरा फिरवायचा. स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी येतं तेही याच भोकातून. फिटरनं सीलंट लावलेलं नसतं किंवा ते कधीचं उडालेलं असतं.

दुसरा, कंपनीनंच चेसीच्या आत वेल्ड केलेला नट. दिसत नाही, पण वेल्ड चांगला असेल तर साथ देतो.

तिसरा सगळ्यात खोडकर. फिटरनं चेसीच्या बाजूच्या भोकातून आत एक पट्टी सरकवलेली असते, तिच्या टोकाला नट चिकटवलेला. पट्टी जाड असेल आणि चेसीच्या भिंतीला टेकत असेल तर ठीक. पातळ असेल तर जंग लागलेल्या बोल्टनं जोर केला की ती वाकते, नट सुटतो आणि बोल्टसोबत गरगर फिरू लागतो. "फिरून राहिला, पण निघून नाही राहिला" ते हेच.

कुठला प्रकार आहे हे कळल्याशिवाय जोर लावणं म्हणजे चेसीशी जुगार.

तेल, आणि ते कुठून द्यायचं

बोल्टच्या डोक्यावर खालून फवारा मारून काही होत नाही. तेल ओघळून तुमच्या तोंडावर येतं. जाम झालेले आटे वर आहेत, नटाच्या आत, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे नटाच्या वर बाहेर निघालेलं बोल्टचं टोक. ते टोक इतकी वर्षं चेसीच्या ओल्या पोटात उघडं पडलंय. बोल्ट खाली येताना त्या टोकाचे सडलेले आटे नटातून ओढले जातात. म्हणून पुष्कळदा पहिले दोन फेरे छान येतात, आपण खूश होतो, आणि तिसऱ्याला बोल्ट मध्येच अडकतो. तुटतो तो इथं, सुरुवातीला नव्हे.

त्यामुळे तेल वरून द्या. नट उघडा असेल तर तारेच्या ब्रशनं टोक आधी घासा, मग तेल. नट बंद पेटीत असेल तर चेसीवर कुठंतरी रबरी बूच किंवा भोक सापडतंच. तिथून स्प्रेची बारीक नळी आत घालून अंदाजानं नटाच्या डोक्यावर सोडा. साधा डब्ल्यूडी-४० चालतो, जंग सोडवायचं खास तेल मिळालं तर उत्तम. गॅरेजवाले एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं तेल) आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून वापरतात. तेही चांगलं, पण ॲसिटोन भडकतं आणि रंग खातं. बिडीवाल्या मदतनिसाला लांब ठेवा. संध्याकाळी एकदा, रात्री झोपताना एकदा, सकाळी एकदा. प्रत्येक वेळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे चार-पाच मध्यम ठोके. ठोक्यानं जंगाला बारीक तडे जातात आणि तेल आत शिरतं.

मी रात्रभराची वाट बघायला सांगतो, तेव्हा "काहून इतका वेळ?" असं विचारणारे पुष्कळ असतात. त्यातले काही दुसऱ्या दिवशी तुटलेला बोल्ट खिशात घेऊन येतात.

आता पाना

गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. दोन्ही बाजूंना घोडी (जॅक स्टँड), पुढच्या चाकांना दगड किंवा ओंडका. जागा सिमेंटची हवी. मे महिन्यात दुपारी डांबरावर घोडीचे पाय रुतताना मी पाहिले आहेत. सकाळी लवकर काम करा, आणि डांबरच असेल तर घोडीखाली जाड फळी.

हुक साधारण १५ ते २० किलोचा असतो. शेवटचा बोल्ट निघाला की तो थेट छातीवर. त्याच्याखाली दुसरा जॅक किंवा लाकडी ठोकळे लावून ठेवा, आणि दोन्ही बाजूंचा वरचा एकेक बोल्ट शेवटपर्यंत चार आट्यांवर अडकवून ठेवा.

गोटी (पान्याचं सॉकेट) सहा कोनांचीच घ्या. बारा कोनांची गोटी जंग खाल्लेल्या डोक्याचे कोपरे गोल करते. डोकं १७ किंवा १९ एमएमचं असतं, जपानी वळणाच्या गाडीत १४ चंही. जंगानं डोकं बारीक झालं असेल तर एक साइज लहान गोटी हातोडीनं ठोकून बसवा.

पहिला जोर उलटा द्या, म्हणजे कसायच्या दिशेनं, केसभर. जंगाची पकड त्यानं सुटते. मग सोडायच्या दिशेनं. सुपारी फुटावी तसा टक् आवाज आला की काम होतंय. पाव फेरा बाहेर, अर्धा पाव आत, तेल, पुन्हा पाव बाहेर. कर्रर्र असा कोरडा आवाज आला तर थांबा, मागे जा, तेल द्या.

आणि ही खूण लक्षात ठेवा: पाना वळतोय, पण हात सैल केला की तो परत मूळ जागी येतोय. याचा अर्थ बोल्ट सुटत नाहीये, पिळला जातोय. आणखी एक जोर आणि तो तुटला. इथं लांब पाइप लावायचा मोह होतो. ८.८ दर्जाचा १२ एमएमचा नवा कोरडा बोल्ट साधारण ८० न्यूटन-मीटरला कसतात, म्हणजे हातभर पान्यावर एका माणसाचा बेताचा जोर. तुम्हाला त्याच्या तिप्पट जोर लागत असेल तर तो जोर जंगाशी लढतोय आणि मधला बोल्ट आणि नट ते सहन करतायत. पुन्हा तेल, पुन्हा रात्र.

इम्पॅक्ट गन असेल तर ती पाइपपेक्षा बरी, कारण तिचे छोटे छोटे झटके बोल्ट पिळत नाहीत, जंग फोडतात. फक्त तिसऱ्या प्रकारच्या पट्टीवाल्या नटाला गन लावू नका. पट्टी पहिल्या सेकंदाला वाकते.

नट फिरायला लागलाच असेल तर एक उपाय घरी करून बघता येतो. हुक आणि चेसीच्या मध्ये सपाट पहार घालून हुक खाली दाबायचा, म्हणजे नट पत्र्याला घट्ट टेकतो, आणि दुसऱ्यानं त्याच वेळी बोल्ट सोडायचा. कधीकधी तेवढ्या घर्षणावर निघतो. नाही निघाला तर पुढे जोर नको.

ग्राइंडरनं कापायचं ते फक्त पहिल्या प्रकारात, जिथं नट उघडा आहे आणि कापल्यावर दोन्ही तुकडे हातात येणार आहेत. गाद्या, कागद, तेलाच्या चिंध्या बाहेर, ठिणग्या पेट्रोलच्या पाइपपासून उलट्या दिशेला, शेजारी पाण्याची बादली आणि एक ओलं पोतं. ॲसिटोन वापरलं असेल त्या दिवशी ग्राइंडर नाहीच.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

डिक्कीत सीएनजी किंवा एलपीजीची टाकी असेल तर ग्राइंडर, गॅस, वेल्डिंग काहीही नाही. आधी किटवाल्याकडून टाकी उतरवून घ्या.

घरी आच लावू नका. गॅसची ज्योत नट सोडवते हे खरं, पण त्याच जागी चेसीच्या बाजूनं ब्रेकचा पाइप आणि टाकीत तेल भरायची नळी जाते, आणि वरच्या बाजूला फरशीवर डांबरी थर व गादी असते. हे काम गॅरेजात, टाकी-नळ्या झाकून, समोर आग विझवायचं सिलिंडर ठेवून करायचं.

स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं बोल्टभोवतीचा पत्रा ठोका. टणक आवाज आला तर ठीक. टोक आत घुसलं किंवा पापुद्रे सुटले तर हुक काढायचा प्रश्न मागे पडला, चेसी सडली आहे. मेकॅनिककडे नाही, चांगल्या डेंटरकडे जा, जो सडका भाग कापून नवा पत्रा बसवतो. वरून पट्टी ठोकून रंग मारून देणारा नको. बंद पेटीत फिरणारा नट, तुटून आत राहिलेला बोल्ट, वेल्ड केलेला हुक, हेही त्याच्याच हातचं. पेटीला खिडकी कापून नट धरावा लागतो आणि खिडकी परत बंद करावी लागते.

आणखी एक, लोकांना माहीत नसलेलं. काही परदेशी वळणाच्या वॅगनमध्ये हुक बसवताना बंपरच्या आतला धडक झेलणारा मूळ लोखंडी बीम काढून टाकतात, त्याची जागा हुकची पट्टी घेते. असा हुक काढून नुसता प्लॅस्टिकचा बंपर लावला तर मागून ठोकर बसल्यावर आत झेलायला काहीच नाही. बंपर उतरवल्यावर बीम दिसला नाही, तर तो मिळेपर्यंत हुक परत लावून ठेवा. ज्याच्याकडून गाडी घेतली त्याला फोन करून विचारा. बऱ्याचदा बीम त्याच्या गच्चीवर पडलेला असतो.

निघाल्यानंतर

भोकं तशीच सोडू नका. तारेच्या ब्रशनं घासून, सुकवून, रेड ऑक्साइडचे दोन हात. चेसीच्या पेटीत नळीनं मेणासारखं कॅव्हिटी वॅक्स सोडलं तर उत्तम. वेल्ड नटाच्या भोकात ग्रीस लावलेला आखूड बोल्ट वायसरसकट बसवा, आटे शाबूत राहतात. फरशीच्या आरपार भोकाला दोन्ही बाजूंनी सीलंट आणि रबरी बूच. मग गादी न घालता डिक्की बंद करून मागून दहा मिनिटं पाइपनं पाणी मारा, आणि आत बोट फिरवून बघा. दरवाजाचं रबर गळत असेल तर तेही याच वेळी कळतं.

निघालेला हुक लगेच भंगारवाल्याला देऊ नका. सायलेन्सरचा रबरी हँगर किंवा गाडी ओढायची मूळ कडी कधीकधी हुकच्याच ब्रॅकेटवर बोल्ट केलेली असते. बंपर चढवून, सायलेन्सर हातानं हलवून आणि मागची कडी जागेवर आहे हे बघून झालं, की मग खुशाल किलोच्या भावानं द्या.